सूर किती उतरला: दौऱ्याची वही

8 जानेवारी 2025, बुधवार. पुणे, तालमीची खोली

दौऱ्याची वही आजपासून. एरवी हिच्यात डिझेल, टोल, जेवण आणि प्रत्येकाची नाइट, म्हणजे प्रयोगाचं मानधन, एवढंच असतं. यंदा एक रकाना वाढवलाय: सूर.

आमच्या कार्यक्रमात सात गळे, वाद्य एकही नाही. चार बायका, तीन पुरुष. मी गात नाही. आवाज आणि हिशेब माझ्याकडे. तानपुरा फोनमधल्या ॲपचा, तो मी मिक्सरवरून सोडतो. गण, गवळण, भारूड, सगळ्यांच्या खाली तो वाहत असतो. बंद होतो फक्त जात्यावरच्या ओव्यांना. मास्तरांचं म्हणणं, पहाटे दळणाऱ्या बाईच्या मागे कोण तानपुरा छेडत बसलं होतं? मुद्दा खरा आहे. साडेसहा मिनिटं नुसते आवाज, आणि शेवटची ओवी संपता संपता अभंगासाठी तानपुरा परत येतो, टाळीलाही जागा न ठेवता. गोची तिथंच आहे. तेवढ्या वेळात गळे घसरलेले असले, तर परतलेला तानपुरा त्यांच्या वर वाजतो आणि पहिल्या रांगेतल्या माणसाच्या दाताखाली खडा येतो.

डिसेंबरातल्या दोन्ही प्रयोगांत हे झालं. म्हणून आता रोजचं रेकॉर्डिंग लॅपटॉपवर घेऊन ओव्यांचा पहिला सा आणि शेवटचा सा मोजायचा. पेटीच्या लगतच्या दोन पट्ट्यांत 100 सेंट, त्या मापाने. आमचा सा काळी दोन, म्हणजे पेटीची दुसरी काळी पट्टी. बायकांना जरा खाली पडते, पुरुषांना जेमतेम पेलते. कुणीच पुरतं खूश नाही, तेव्हा बरोबर असावी.

आज सतरंजीवर गोल बसून ओव्या म्हटल्या. 6 सेंट खाली. एवढं कुणाच्या कानाला लागत नाही.

मास्तर म्हणाले, "मग अडचण कुठंय?"

10 जानेवारी, शुक्रवार. सातारा

सकाळी नऊला निघालो. सतरा सीटचा टेम्पो ट्रॅव्हलर, मामा चालवतात. गाडीतला पहिला नियम: बोलायचं नाही. इंजिनाच्या आवाजावर बोलताना माणूस नकळत आवाज चढवतो, आणि तीन तासांच्या गप्पांनी गळा जेवढा थकतो तेवढा दोन तासांच्या गाण्याने थकत नाही. कुजबुजही बंद, तिनेही गळ्याला ताण पडतो. म्हणून सात जण एकाच गाडीत बसून एकमेकांना मोबाइलवर मेसेज करतात. खंबाटकी चढताना ताईचा मेसेज आला: "खिडकी लावा." काकांना पोचला नाही, त्यांचा फोन पिशवीत असतो. मामांच्या मागची उजवी खिडकी काकांची, तिथून ते हलत नाहीत.

थंडी बरीच, हवा कोरडी. ग्रीनरूममध्ये किटली लावून वाफ, मग कोमट पाणी. ज्येष्ठमध काकांच्या डबीत, कंकोळ ताईच्या. धाकटीला दोन्ही नको, तिला खडीसाखर.

स्टेजवर अर्धगोल. बायका मध्ये, एक पुरुष उजव्या टोकाला, मास्तर बायकांच्या मागे, काका डाव्या टोकाला. ही मांडणी माझी, डिसेंबरपासूनची. काकांचा खर्ज, सगळ्यांत खालचा आवाज, जाड. तो बायकांच्या माइकमध्ये शिरला की शब्द गढूळ होतात. टोकाला वेगळा माइक दिला की मला तो हाताशी राहतो. ओव्यांच्या वेळी मॉनिटरही, म्हणजे गायकांना ऐकू यावं म्हणून स्टेजवर ठेवलेले स्पीकरही, बंद करतो, कारण तेव्हा माइक इतके उघडे असतात की स्पीकर कुई करायला लागतात.

ओव्या सुरू झाल्या. चौथ्या मिनिटाला कळलं की खाली चाललेत. हेडफोनचा एक कान त्यांच्याकडे, दुसऱ्या कानात तानपुरा. काळी दोन म्हणजे साधारण 311 हर्ट्झ. तीसेक सेंटचा फरक पडला की सेकंदाला पाचेक हेलकावे ऐकू येतात, घासल्यासारखे. ते आलेच.

ॲपमध्ये सूर बारीक हलवायची पट्टी असते. बोटाने तानपुरा 30 सेंट खाली ओढला आणि मग सोडला. बेमालूम बसला.

विंगेत ताईने पाठीवर थाप मारली. "बघ, आज कसं चिकटलं!"

रात्री मोजलं. 31. वहीत लिहिलं. तानपुऱ्याचं फक्त इथं लिहितोय, कुणाला बोललो नाही.

11 जानेवारी, शनिवार. सातारा, मुक्काम

कपडे धुतले, वाळले नाहीत. कंदी पेढे घेतले चार किलो, गायकांना मनाई असूनही.

जेवणाचा वाद. प्रयोग साडेनऊला संपतो, सामान आवरून जेवायला अकरा, आणि साडेअकराला सगळे आडवे. आंबट वर येतं, आणि सकाळी गळ्याला पापुद्रा आल्यासारखं वाटतं. ताईचा हुकूम: जेवण प्रयोगाच्या आधी पाच वाजता, नंतर फक्त मऊ भात. काका हो म्हणाले आणि रात्री लॉजखालच्या गाडीवर मिसळ खाताना सापडले. तरीही सकाळी त्यांचा खर्ज सगळ्यांत स्वच्छ. गळ्याच्या पथ्यावरचा माझा विश्वास अशा वेळी डळमळतो.

12 जानेवारी, रविवार. सांगली

दुपारी पोचलो. उजव्या खिडकीतून सगळं ऊन काकांवर. धाकटीने खुणेने जागा बदलू का विचारलं, त्यांनी मान हलवली आणि डोक्यावर टॉवेल घेतला.

ज्या गावात 1843 साली विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' उभं केलं तिथं प्रयोग करताना नारळ जरा जपून फोडला जातो. मास्तरांना मात्र सांगलीत वेगळाच माणूस आठवतो: कृष्णाजी बल्लाळ देवल. निवृत्त डेप्युटी कलेक्टर. शंभर वर्षांहून जास्त काळापूर्वी त्यांनी श्रुती, म्हणजे सुरांमधली बारीक अंतरं, मोजायचा ध्यास घेतला आणि ताडून पाहायला अब्दुल करीम खाँसाहेबांचा गळा घेतला. सरकारी नोकरीतून सुटलेल्या माणसाने बावीस श्रुतींचा हिशेब मांडत बसावं, हे मला फार आवडतं. माझी वही त्याच गल्लीतली, फक्त फार खालच्या यत्तेची.

चहाला मास्तरांनी कागद ओढला आणि आमच्या ओव्यांचं बिंग फोडलं. त्यांच्या मते. चाल अशी फिरते: सा वरून खालच्या ध वर, तिथून वर रे, रे वरून खालच्या प वर, आणि परत सा. प्रत्येक उडी कानाला अगदी शुद्ध घेतली तरी फेरी पुरी होते तेव्हा सा 81 ला 80 या प्रमाणात, म्हणजे सुमारे साडेएकवीस सेंटनी, खाली आलेला असतो. कारण ध शी जुळणारा रे वेगळा आणि प शी जुळणारा रे वेगळा. नाट्यशास्त्रातल्या भरताची प्रमाणश्रुती अभ्यासक याच मापाची धरतात. तानपुरा चालू असला की तो गळ्याला दर वेळी ओढून जागेवर आणतो. तो नसला की चूक साठत जाते, आणि ती खरं तर कुणाचीच चूक नसते.

मास्तर इतके खूश झाले की दुसरा चहा त्यांनीच सांगितला.

प्रयोग: 24 सेंट. मी 25 ओढले. मास्तरांचा आकडा जवळपास बरोबर निघाला, त्यामुळे ते आणखी खूश. मला एकच खटकतंय. चाल तीच, तर पुण्यात सतरंजीवर 6 च कसे?

13 जानेवारी, सोमवार. मिरज

भोगी. यजमानांच्या घरी तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लेकुरवाळी भाजी, लोणी. सगळे जेवले. पथ्य कुणी काढलं नाही.

सकाळी सतारमेकर गल्लीत गेलो. शस्त्रांना धार लावणारी शिकलगार घराणी तंतुवाद्यांकडे वळली ती इथंच. भोपळे पंढरपूरकडून येतात; दुकानांच्या माळ्यावर सुकत टांगलेले, दोन माणसं मिळून मिठी मारतील एवढे. 2024 मध्ये मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. एका कारागिरांनी जवारी लावून दाखवली: घोडीवर तारेखाली सुती दोरा सरकवायचा, केसभर इकडे, केसभर तिकडे, आणि एका जागी तार अचानक उमलते. माझ्या ॲपमध्ये जवारीचंही बटण आहे. ते बटण मी आज दिवसभर मनातल्या मनात लपवत होतो.

दर्ग्यात खाँसाहेबांच्या कबरीशी गेलो. 1937 च्या ऑक्टोबरात ते मद्रासहून पाँडिचेरीला निघाले होते, कार्यक्रमासाठीच. वाटेत अस्वस्थ वाटलं म्हणून सिंगपेरुमल कोइलच्या स्टेशनावर उतरले आणि तिथंच गेले. काका बराच वेळ बसून राहिले. उठताना म्हणाले, "दौऱ्यावरच की."

आता संध्याकाळ. यजमानांनी हौसेने खरे तानपुरे आणले, जोडी. धाकटी एकावर, दुसऱ्यावर इथली एक विद्यार्थिनी. मास्तरांना कोण आनंद! काळी दोनला लावले, चांगला अर्धा तास घालवून. मी मिक्सरपाशी बसून होतो आणि ओढायला बोटाखाली काही नव्हतं.

ओव्या. शेवटच्या ओवीला धाकटीने तार छेडली.

मिरजेचे श्रोते. कुणी हुंकार दिला नाही, कुणी कुजबुजलं नाही. पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी डोळे मिटले होते, ते उघडले. बास. ताईने अभंगाचा पहिला शब्द घेता घेता स्वतःला वर खेचलं, मास्तरांनी तिला धरलं, दुसऱ्या ओळीपर्यंत सगळे जागेवर आले. पण ती एक ओळ गेली ती गेलीच.

34 सेंट.

सामान भरताना मास्तर मला म्हणाले, "शुक्रवारी साताऱ्यात बरोबर होतं, काल बरोबर होतं. आजच काय झालं रे?" मी केबल गुंडाळत होतो. आधीच गुंडाळलेली सोडून पुन्हा गुंडाळली.

14 जानेवारी, मंगळवार. कोल्हापूर, संक्रांत

सकाळी केशवराव भोसले नाट्यगृह बाहेरून पाहून आलो. शाहू महाराजांनी पॅलेस थिएटर म्हणून उभारलेलं, 1915 चं. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. ताईने इथं कॉलेजात असताना पहिल्यांदा माइकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवला होता. ती कुंपणापाशी उभी राहिली आणि काही बोलली नाही. प्रयोग उद्या, दुसऱ्या सभागृहात.

दुपारी लॉजवर ताईने तिळगूळ वाटला. तिच्या हातून घेतला आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलं: सातारा, सांगली, दोन्हीकडे तानपुरा मी खाली ओढला होता.

गोड कुणी बोललं नाही. मास्तरांचा चेहरा उतरला. "म्हणजे मी परवा देवलांचं गणित सांगत होतो, तेव्हा तू मनात हसत होतास?" नव्हतो हसत. पण हे पटवणार कसं! ताईचा राग वेगळा. "मी तुझ्या पाठीवर थाप मारली होती," एवढंच म्हणाली. धाकटीचं म्हणणं, श्रोत्यांना त्रास झाला नाही ना, मग काय बिघडलं. तिच्यावर दोघंही उखडले.

काका कोपऱ्यात होते. एकदम म्हणाले, "त्याने झाकलं म्हणून मिरजेपर्यंत पोचलो. झाकलं नसतं तर साताऱ्यातच भांडलो असतो." मग तिळगूळ फोडत बसले.

ठरलं: तानपुरा शून्यावर राहील. ओव्यांनंतर थांबायचं, टाळी होऊ द्यायची, मग तानपुरा. मास्तरांना हे मान्य नाही. नाइलाजाने हो म्हणाले.

15 जानेवारी, बुधवार. कोल्हापूर, प्रयोग

29 सेंट. टाळी घेतली. चाललं. तिकीट 200 रुपये, तेव्हा जीएसटीची भानगड नाही. पाचशेपर्यंत माफ असतो. पांढरा रस्सा गळ्याला चांगला असतो, असं आज चौघांनी चार वेळा सांगितलं.

16 जानेवारी, गुरुवार. आंबा घाट, रत्नागिरी

आज काय दिसलं ते नीट लिहून ठेवतो.

मलकापूरच्या पुढे धाकटीला मळमळायला लागलं. पुढची खिडकी हवी म्हणाली, आणि मामांनी काकांना न विचारताच उठवलं. काका पलीकडे डाव्या खिडकीशी जाऊन बसले. मी त्यांच्या शेजारी, त्यांच्या उजव्या हाताला.

घाट उतरताना त्यांना विचारलं, "काका, आलेपाक हवाय?" उत्तर नाही. गाडीत मौन, म्हणून असेल. पुन्हा विचारलं, जरा मोठ्याने. बाहेर बघत होते. मग त्यांच्या पुढे वाकून तेच म्हटलं, तेव्हा दचकून वळले. "केव्हापासून विचारतोयस?"

साखरप्यापर्यंत मी गप्प बसून जुळवत होतो. उजवी खिडकी: सगळी माणसं डाव्या कानाकडे. सतरंजीवर गोल: समोरून सगळं ऐकू येतं. स्टेजवर डावं टोक: सहाच्या सहा गळे उजव्या कानाकडे, मॉनिटर बंद, तानपुरा बंद. खर्ज तळाला असतो. तो जिथं बसतो तिथं बाकीचे बसतात. ओव्यांभर काका जवळजवळ एकटेच गात होते आणि सगळे त्यांच्यावर टेकून उभे होते.

आणि त्यांना त्या टोकाला मी उभं केलं होतं. माइकच्या सोयीसाठी.

रत्नागिरीत हवा दमट, सगळ्यांचे गळे मोकळे. तरी 27. प्रयोगानंतर लॉजच्या गॅलरीत काका वाफ घेत होते. डाव्या बाजूला जाऊन बसलो. त्यांनी टॉवेल काढला, माझ्याकडे पाहिलं आणि ओळखलं.

"दोन वर्षं झाली," म्हणाले. "डॉक्टर म्हणतात यंत्र लावा. लावून पाहिलं. स्वतःचा आवाज डब्यात तोंड घालून गातोय असा येतो. मग ठेवून दिलं."

"डिसेंबरात टोकाला उभं केलं, तेव्हा बोलायचं होतंत ना!"

"तू बोललास का तानपुऱ्याचं?"

यावर काय बोलणार! किटलीतलं उरलेलं पाणी कपात घेऊन प्यायलो.

17 जानेवारी, शुक्रवार. रत्नागिरी ते सावंतवाडी

मी कुणाला काही सांगितलं नाही. ते सांगायचं तर त्यांनीच. राजापूरच्या पुढे काकांनी मामांना टपरीवर गाडी थांबवायला लावली, सगळ्यांना खाली उतरवलं आणि चहा यायच्या आत दोन वाक्यांत सांगून मोकळे झाले. मग म्हणाले, पुढच्या दौऱ्याला खर्जाला दुसरा माणूस बघा.

ताई म्हणाली, "काका, चहा निवतोय."

मास्तरांनी तिथंच टपरीच्या बाकावर मिठाची पुडी, कप आणि बशा मांडून अर्धगोल बदलला. काका मध्ये, जरा मागे, डावा कान बायकांकडे. मास्तर डाव्या टोकाला. गणिताचं कुणीच काढलं नाही, मग मास्तरांनीच काढलं: "देवल चुकले नाहीत हं. सहा सेंट त्यांचेच."

18 जानेवारी, शनिवार. सावंतवाडी

साउंडचेकला माझी वाट लागली. भीती होती तेच झालं: काकांचा खर्ज बायकांच्या तिन्ही माइकमध्ये. खालची फ्रिक्वेन्सी कापली तर बायकांचे आवाज पातळ होतात. नाही कापली तर जात्यापेक्षा पिठाची गिरणी वाटते. माइक जवळ घेतले, काकांना हातभर मागे सरकवलं, शेवटी त्यांचा माइक पुरता बंद केला. गळा त्यांचा, पोचतोय.

सातला वीज गेली, साडेसातला आली. त्या अर्ध्या तासात ग्रीनरूममध्ये अंधारात काका खर्ज लावत होते आणि एकेक जण येऊन त्यांच्या भोवती उभं राहत होतं. मी दारात होतो.

प्रयोग. ओव्यांनंतर थांबायचं नाही, असं मास्तरांनी ऐन वेळी बोटाने खुणावलं. पट्टी शून्यावर होती. हात मांडीखाली धरून ठेवला आणि दुसऱ्या हाताने तानपुरा सोडला.

9 सेंट.

नंतर एक बाई भेटायला आल्या. गाणं आवडलं, पण ओव्यांतले शब्द नीट कळले नाहीत म्हणाल्या, आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. खरं आहे त्यांचं. शब्द गढूळ झाले, ते मलाही ऐकू येत होतं. पुण्यात गेल्यावर दोन वेगळ्या जातीचे माइक भाड्याने आणून बघायचे.

19 जानेवारी, रविवार. परत

लाकडी खेळणी घेतली तिघांनी. डिझेल, टोल, लॉज, जेवण वजा जाता नाइट सगळ्यांना पुरी देता आली. माझ्या वाटणीतून चार किलो पेढे कापले गेले, ते बरोबरच.

सीटच्या यादीत पेनने लिहून ठेवलं: मामांच्या मागची उजवी खिडकी काका. धाकटीला मळमळलं तर मामांच्या शेजारी.